विमान पकडायला पुलापलीकडे

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे नीटनेटके केले आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला वीस मिनिटे दिली आहेत. आपल्या सोसायटीत वीस मिनिटांत लिफ्टच्या दुरुस्तीचा ठरावसुद्धा पास होत नाही, पण मी प्रयत्न करतो. रौप्यमहोत्सव म्हणून प्रत्येकाने एक अनुभव सांगायचा असे ठरले, तेव्हा सगळ्यांना वाटले मी बँकेतले काहीतरी सांगणार. बँकेचे येईलच मध्येमध्ये, चौतीस वर्षे सुटत नाहीत. पण आज सांगणार आहे ते विमान पकडायला दुसऱ्या देशात जाण्याबद्दल.

म्हणजे कसे ते सांगतो. आपण इथून सहार विमानतळावर जातो आणि तिथून परदेशी जातो. आधी परदेशात जायचे आणि मग तिथून विमान धरायचे, हा प्रकार मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत ऐकलाही नव्हता.

२०१८ सालची गोष्ट. आम्ही दोघे मुलीकडे कॅनडात होतो, टोरांटोच्या जवळ हॅमिल्टन म्हणून गाव आहे तिथे. जानेवारीत गेलो आणि मे महिना उजाडला तेव्हा कुठे अंगणातला बर्फ पूर्ण गेला. हिची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला माई म्हणतो, ती अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टॅम्पाला मुलाकडे राहायची. वय एक्याऐंशी. खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झालेले, त्यात जेवण तुटलेले. दोघी बहिणींची भेट होऊन नऊ वर्षे झाली होती. फोन रोज व्हायचा, पण फोनवर माणूस किती खंगलंय ते कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच माई व्हिडिओ लावू द्यायची नाही.

अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आमच्या पासपोर्टवर आधीपासून होता. प्रश्न तिकिटाचा होता. टोरांटो ते टॅम्पा, जाऊन-येऊन, दोघांचे मिळून साधारण नऊशे साठ कॅनेडियन डॉलर होत होते. मुलगी म्हणाली, आम्ही काढतो. आता तुम्ही सगळे जाणता, मुलीच्या घरी पाच महिने राहिल्यावर आणखी नऊशे साठ डॉलर तिच्याकडून घ्यायचे म्हणजे माणूस कसा होतो. आपल्या पेन्शनमधून काढायचे तर रुपयांत गुणाकार केला की छातीत धस्स होते. मी हिला म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. ती काही बोलली नाही. तिचे न बोलणे म्हणजे काय ते सी विंगमधल्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, बफेलोहून जा ना."

बफेलो म्हणजे म्हैस नव्हे, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातले शहर. मधे नायगारा नदी, अलीकडे कॅनडा, पलीकडे बफेलो. हॅमिल्टनहून गाडीने पुलापर्यंत तासभर, आणि पुलानंतर विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर. तिथले टॅम्पाचे तिकीट होते दोघांचे मिळून चारशे दहा अमेरिकन डॉलर.

मी रात्री पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. चारशे दहाला त्या वेळच्या भावाने साधारण एक पूर्णांक तीस दशांशने गुणले, पाचशे तेहतीस कॅनेडियन. सीमेवर एक कागद मिळतो, त्याला आय-९४ म्हणतात, त्याची फी तेव्हा माणशी सहा अमेरिकन डॉलर होती, म्हणजे आणखी सोळा. सोडायला आणि आणायला मिळून चार फेऱ्यांचे पेट्रोल पंचावन्न. किरकोळ टोल. सहाशे दहाच्या आत सगळे बसत होते. साडेतीनशे डॉलर वाचत होते! मी हिला कागद दाखवला. ती म्हणाली, "जावयाच्या दोन रजा धरल्या नाहीत." खरे होते. मी धरल्या नव्हत्या.

मला एक खोड आहे. भावात फरक दिसला की तो का, हे कळल्याशिवाय झोप येत नाही. विदेशी विनिमय खात्यात तीन वर्षे काढली आहेत. तेच आकाश, बहुधा तसेच विमान, मधे एक नदी, मग इतका फरक का? दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या संगणकावर वाचत बसलो.

पहिले कारण सरळ आहे. टोरांटो-टॅम्पा हा आंतरराष्ट्रीय प्रवास, बफेलो-टॅम्पा हा देशांतर्गत. अमेरिकेत देशांतर्गत मार्गांवर स्वस्तातल्या विमान कंपन्यांची चढाओढ मोठी. दुसरे कारण जास्त मजेशीर आहे. कॅनडाने १९९४ साली धोरण आखून मोठे विमानतळ चालवायला स्थानिक संस्थांच्या हवाली केले, पण जमीन सरकारचीच ठेवली आणि त्या जमिनीचे भाडे सरकार घेते. भाडे शेवटी भरणार कोण? प्रवासी. टोरांटोला तेव्हा विमानतळ सुधारणा शुल्क म्हणून माणशी पंचवीस डॉलर तिकिटातच धरलेले असत. वर सुरक्षेचा आकार वेगळा. अमेरिकेत बहुतेक विमानतळ शहराचे, जिल्ह्याचे नाहीतर सरकारी प्राधिकरणाचे असतात, त्यांना केंद्राचे अनुदान मिळते आणि करमुक्त रोखे काढून पैसा उभा करता येतो. थोडक्यात, एका देशाने विमानतळाला दुभती गाय मानले आणि दुसऱ्याने रस्ता मानले. २०१२ साली कॅनडाच्या सिनेटच्या समितीने याच विषयावर अहवाल दिला होता आणि त्याच वर्षीच्या एका अभ्यासात असा अंदाज होता की वर्षाला सुमारे पन्नास लाख कॅनेडियन लोक सीमा ओलांडून अमेरिकेतून विमान धरतात. पन्नास लाख! म्हणजे जावई काही जगावेगळे सुचवत नव्हते. व्हँकुव्हरचे लोक बेलिंगहॅमला जातात, विंडसरचे डेट्रॉइटला.

आणि हे तिकडेच आहे असेही नाही. भूतानमधल्या फुंत्शोलिंगची माणसे आपल्या बागडोग्र्याला येऊन विमान धरतात. मेक्सिकोच्या तिजुआना विमानतळाला तर अमेरिकेतून थेट आत शिरणारा पादचारी पूल आहे, २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालेला. सॅन दिएगोकडचा माणूस बॅग ओढत चालत चालत मेक्सिकोत जातो आणि विमानात बसतो. आपल्या सावंतवाडीच्या पाहुण्यांना विचारा, गोव्यातले मोपा विमानतळ झाल्यापासून तेही राज्याची हद्द ओलांडूनच उडतात. आणि २०१२ मध्ये गोव्यात पेट्रोल स्वस्त झाले तेव्हा टाकी भरायला कोण कोण गेले होते, ते मी इथे विचारत नाही.

असो. निघायचा दिवस शनिवार होता. विमान दुपारी एक चाळीसचे, आम्ही सकाळी साडेसातला घर सोडले. जावई, मुलगी, सात वर्षांची नात आणि आम्ही दोघे. रस्ता लेक ऑन्टारिओच्या काठाकाठाने जातो, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. नाशिककडचे मंडप नव्हेत, बुटक्या ओळी. सेंट कॅथरिन्सला एका उंच पुलावरून वेलँड कालवा लागतो, त्यातून समुद्रातल्यासारखी मोठी जहाजे जातात. नात मला सगळे समजावून सांगत होती, मराठीत, पण क्रियापदे इंग्रजी.

सीमेवरच्या पुलाचे नाव पीस ब्रिज, शांततेचा पूल. या सीमेवर १८१२ साली युद्ध पेटले होते, त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या शांततेची आठवण म्हणून १९२७ साली हा पूल खुला झाला. लेक एरीचे पाणी इथूनच नायगारा नदीत शिरते आणि खाली ओढ अशी की बघताना डोळे फिरतात. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. शेजारून एक रांग भरभर सरकत होती. जावयांकडे नेक्सस नावाचे कार्ड आहे, आधी चौकशी करून विश्वासू प्रवाशाला देतात ते. कामासाठी महिन्यातून एक-दोनदा ते पलीकडे जातात, ते त्याच रांगेतून. पण गाडीतल्या प्रत्येकाकडे ते कार्ड असले तरच त्या रांगेत जाता येते. आम्ही दोघे मागे बसलेलो, म्हणून सगळी गाडी मोठ्या रांगेत. चाळीस मिनिटे गेली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठलो होतो, तेव्हा ही स्वयंपाकघरात फराळाचे डबे भरत होती. बेसनाचे लाडू, चकल्या, मेतकूट. लाडवांच्या डब्यात तळाला तिने ओल्या फडक्यात गुंडाळून काहीतरी ठेवले आणि वर कागद घालून लाडू रचले. मी विचारले नाही. मला वासावरून कळले होते. मुलीच्या खिडकीत कुंडीत कढीपत्ता आहे, तिथल्या थंडीत पोराला जपावा तसा जपलेला. आपल्या पंपहाऊसमागच्या झाडाचा कढीपत्ता आपण पिशव्या भरभरून नेतो आणि अर्धा सुकवून टाकतो. तिथे एकेक पान मोजून. माईने फोनवर म्हटले होते, तोंडाला चव नाही गं, तुझ्या हातची कढी खावीशी वाटते, कढीपत्त्याची खमंग फोडणी दिलेली.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने पाचही जणांचे पासपोर्ट घेतले. कुठे राहता, कुठे चाललात, किती दिवस, कोणाकडे. मग विचारले, खाण्याचे काही? जावई म्हणाले, घरचा फराळ आहे. फळे, भाज्या, झाडे, पाने, मांस? जावई म्हणाले, नाही. ते खरे बोलत होते, त्यांना माहीतच नव्हते. मला माहीत होते. मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो. ही खिडकीबाहेर बघत होती.

आमच्यासारख्या परदेशी पाहुण्यांना त्या आय-९४ कागदासाठी आतल्या ऑफिसात जावे लागते. गाडी बाजूला लावली आणि आत बाकांवर बसलो. एका म्हाताऱ्या सरदारजींचे काहीतरी अडले होते, त्यांची सून दुभाष्याचे काम करत होती. अर्धा तास आमचा नंबर नाही. घड्याळात दहा वाजून गेले.

त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात काय चालले होते ते सांगतो. शाखेत असताना एक गिऱ्हाईक कर्जाच्या अर्जात 'इतर कर्ज नाही' असे लिहून सही करून गेले होते. भला माणूस. दुसऱ्या बँकेचे छोटेसे कर्ज होते, बायकोच्या आजारपणाचे. मी तो अर्ज परत पाठवला. चार हजारांची गोष्ट होती, डोळेझाक करता आली असती. त्याने माझ्यासमोर हात जोडले होते आणि मी त्याला म्हटले होते, रक्कम केवढी आहे याचा प्रश्न नाही, तुम्ही 'नाही' लिहिलंत. हे वाक्य मी तेव्हा फार रुबाबात बोललो होतो. त्या बाकावर ते मला आठवले आणि अजिबात रुबाबदार वाटले नाही.

आमचा नंबर लागला. बोटांचे ठसे, फोटो. अधिकारी तरुण होता, बोलायला बरा. परतीचे तिकीट पाहिले, कॅनडात परत शिरायचा व्हिसा आहे ना ते पाहिले. मग सहज म्हणून पुन्हा विचारले, सामानात फळे, पाने, बी-बियाणे काही? या वेळी माझ्याकडे बघून विचारले. मी म्हटले, "येस. करी लीव्ह्ज." हिने माझ्याकडे असे पाहिले की लग्नाला बेचाळीस वर्षे झाली होती, पण तशी नजर मी पहिल्यांदा बघत होतो. जावयांचा चेहरा पांढरा पडला. नंतर कळले, सीमेवर न सांगता काही नेताना सापडले तर ते नेक्सस कार्ड रद्द होते, आणि मग महिन्याच्या महिन्याला तीच मोठी रांग. दंड वेगळा.

मी सांगितले की गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक नव्हते, डबा आमचा आहे. शेतीखात्याची तपासणी करणारा निराळा अधिकारी आला, वयस्क. डबा उघडला. एकेक लाडू हातमोज्यांनी उचलून बाजूला ठेवला, अगदी हळू, फुटू नये म्हणून. फडके सोडले. दोन डहाळ्या होत्या. त्याने विचारले, कुठे नेत होतात? मी म्हटले, फ्लोरिडा. तो हसला नाही. म्हणाला, सगळ्या राज्यांत नेमके तेच.

त्याने जे सांगितले ते असे. कढीपत्ता आणि संत्र्या-लिंबाची झाडे एकाच कुळातली. मोहरीच्या दाण्याएवढी एक कीड कढीपत्त्यावर बसते, कोवळ्या फुटव्यावर अंडी घालते आणि तीच कीड संत्र्याच्या झाडांना एक रोग लावते, ज्याला औषध नाही. फ्लोरिडात तो रोग २००५ मध्ये सापडला. तुमच्या पानांवर कीड असेलच असे नाही, पण मला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, असे तो म्हणाला. डहाळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गेल्या. तपासणीआधी सांगितले म्हणून दंड नाही. लाडू त्याने स्वतः परत रचून दिले, मात्र आमच्या हिच्यासारखे नाही.

बाहेर आलो तेव्हा अकरा वाजत आले होते. विमान मिळाले, फार धावपळही झाली नाही. बफेलोच्या विमानतळावरच्या पार्किंगमध्ये निम्म्याला जरा कमी गाड्या ऑन्टारिओच्या नंबरांच्या दिसल्या, त्या मी मोजत चाललो, कारण दुसरे बोलायला कोणी नव्हते. बाल्टिमोरला विमान बदलेपर्यंत ही माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिथे बाकावर बसल्यावर म्हणाली, "तुम्ही खरं बोललात, चांगलं केलंत. पण मला आधी विचारायचं होतंत, रात्रीच. स्वयंपाकघरात आलात तेव्हा दिसलं होतं मला. तेव्हा गप्प बसलात आणि परक्या माणसापुढे बोललात." याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आजही नाही.

टॅम्पाला माईने दार स्वतः उघडले, वॉकर धरून. त्या दोघींचे पुढचे दहा दिवस मी सांगत नाही, ते त्यांचे आहेत. कढी झाली, जिरे-मिरचीच्या फोडणीची. माईने दोन वाट्या खाल्ली आणि काय कमी आहे ते बरोबर ओळखले.

तिच्या मुलाच्या मागच्या अंगणात संत्र्याचे झाड होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. पाने ठिकठिकाणी पिवळी, जणू कोणी हळदीची बोटे पुसलीत. फळे लिंबाएवढी, एका बाजूला वाकडी, खालून हिरवीच. भाच्याने सांगितले, घर घेतले तेव्हा टोपल्या भरून संत्री निघायची. आता चव कडू. हिने एक फोडून जिभेला लावले आणि थुंकले. बोलली काही नाही. एकेकाळी त्या राज्यात हंगामाला वीस कोटींहून जास्त पेट्या संत्री निघत, अलीकडे ते उत्पादन दोन कोटींच्याही खाली आले आहे. रोग आणि वादळे दोन्ही मिळून, पण रोगाचा वाटा मोठा.

परतताना बफेलोला जावई घ्यायला आले होते. कॅनडाच्या खिडकीत बाईंनी विचारले, काही आणले आहे का? जावयांनी तोंड उघडायच्या आत मागून ही सुरू झाली. बदाम अर्धा किलो, नातीला फ्रॉक, माईने दिलेली साडी, जुनी आहे, किंमत नाही. त्या बाई हसून म्हणाल्या, पुरे.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी कामाच्या. कॅनडाचा व्हिसा पुन्हा पुन्हा प्रवेशाचा आहे की नाही ते निघण्याआधी बघा. आणि प्रवासी विमा दोन्ही देशांत चालतो का ते लेखी घ्या. एजंटच्या 'हो हो, चालतो' यावर जाऊ नका, त्या 'हो हो'चे काय होते ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. पुलाला किती वेळ लागेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही, तीन तास जास्तीचे ठेवा. यंदा मात्र मुलगी सांगते, तिच्या ओळखीचे बरेच जण पुलाकडे फिरकतच नाहीत, आयातशुल्काच्या भांडणावरून रागावलेत. चार पैसे जास्त देऊ पण टोरांटोहूनच जाऊ म्हणतात. हिशेब असाही असतो.

मार्च २०२० मध्ये तो पूल कामाशिवाय जाणाऱ्यांना बंद झाला. माई त्या नोव्हेंबरात गेली. आम्ही इथे होतो, सी विंगमध्ये, आणि जे काही बघितले ते फोनच्या काचेवर. साडेतीनशे डॉलर वाचले नसते तर आम्ही 'पुढच्या खेपेला' म्हणून थांबणार होतो, हे मी हिच्याशी कधी बोललेलो नाही. आज पहिल्यांदा बोलतोय, ती समोरच बसली आहे.

भाषणाचा कच्चा कागद मी तिला काल वाचून दाखवला. एवढा शेवटचा भाग गाळून. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच दुरुस्ती सांगितली. मी 'चार पाने' लिहिले होते.

"चार पानं नव्हती," म्हणाली. "दोन डहाळ्या होत्या. चांगल्या मोठ्या."